चंद्रपूरची हवा अवकाशातून: उपग्रहांचे नकाशे स्वतः बनवायचे आणि वाचायचे कसे

थंडी सुरू झाली की व्हॉट्सॲपवर लाल-जांभळे नकाशे फिरायला लागतात. खाली कुणीतरी 'नासाचा फोटो' असं टाकलेलं असतं. तारीख नसते, कोणता वायू ते नसतं, रंग किती आकड्याला लाल होतो तेही नसतं. असा नकाशा स्वतः बनवता आला तर दुसऱ्याने पाठवलेल्या नकाशाला काय प्रश्न विचारायचे ते आपोआप कळतं. लागणारी माहिती फुकट आहे आणि कोडिंग यायलाच हवं असंही नाही. लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि निवांत संध्याकाळ पुरते.

सरावासाठी मी चंद्रपूर निवडलं आहे. मुंबई-पुण्याचा नकाशा बघायचा मोह होतो, पण तिथे गाड्या, कारखाने, बंदर, बांधकामं सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं आणि मुंबईत तर अर्ध्या चौकटीत समुद्रच येतो. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं महानिर्मितीचं औष्णिक केंद्र, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी, घुग्घुस-बल्लारपूरचे कारखाने आणि गडचांदूर-कोरपना पट्ट्यातले सिमेंट प्रकल्प आहेत. आणि पूर्वेला लगेच गडचिरोलीचं जंगल लागतं. दाट धूर आणि मोकळी हवा इतकी शेजारी-शेजारी असेल तर नवशिक्याला फरक चटकन दिसतो.

पहिली पायरी: एकच वायू निवडा, आणि तो नायट्रोजन डायऑक्साइड असू द्या

बहुतेकांना सुरुवातीलाच कार्बन डायऑक्साइड बघायचा असतो, कारण हवामान बदल म्हटलं की तोच आठवतो. तिथूनच सुरुवात केली तर हाती निराशा येते. कार्बन डायऑक्साइड हवेत दशलक्षात ४२० भागांहून जास्त आहे आणि शतकानुशतकं टिकतो. त्यामुळे एखाद्या वीज केंद्राने त्यात घातलेली भर आधीच्या साठ्यापुढे किरकोळ ठरते. ती ओळखायला फार काटेकोर उपकरण लागतं. अमेरिकेचा ओसीओ-२ हा उपग्रह २०१४ पासून ते काम करतो, पण त्याच्या नजरेचा पट्टा जेमतेम १० किलोमीटर रुंद आहे आणि त्याच वाटेवर तो १६ दिवसांनी परत येतो. आपलं गाव त्या पट्ट्यात येईलच याची खात्री नाही.

नायट्रोजन डायऑक्साइडचं उलट आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल तापून जळलं की तो तयार होतो आणि दिवसा उन्हात काही तासांतच विरतो. जिथे तयार झाला त्याच्या आसपासच तो सापडतो, म्हणून नकाशावर उगम ठळक दिसतो. जिथे कोळसा जळून हा वायू निघतो तिथून कार्बन डायऑक्साइडही निघतोच. त्यामुळे शास्त्रज्ञही याचा वापर दुसऱ्याचा माग काढायला करतात.

दुसरी पायरी: उपग्रह नेमकं काय मोजतो ते समजून घ्या

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात.

आपण वापरणार तो उपग्रह युरोपचा सेंटिनेल-५पी. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी तो रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून सोडला गेला. त्यावर ट्रोपोमी नावाचं एकच उपकरण आहे. जमिनीवरून आणि हवेतून परतून वर गेलेला सूर्यप्रकाश ते पकडतं आणि त्यातले रंग बारकाईने वेगळे करतं. प्रत्येक वायू ठरावीक रंग गिळतो. नायट्रोजन डायऑक्साइड निळ्या-जांभळ्या प्रकाशातला काही भाग गिळतो, मिथेन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातला. किती प्रकाश गायब आहे त्यावरून वाटेत किती रेणू होते ते काढतात.

वाट म्हणजे हवेचा अख्खा स्तंभ. मोजमाप येतं ते जमिनीच्या एका चौरस मीटरवर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभात किती वायू आहे, असं. एकक मोल (रेणूंची संख्या मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) प्रति चौरस मीटर. तुमच्या नाकाशी हवेत किती वायू आहे ते यात येत नाही.

आकडा घालून बघू. समजा नकाशावर १०० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर, म्हणजे ०.०००१ मोल दिसतात, आणि हा सगळा वायू जमिनीलगतच्या एक किलोमीटर जाडीच्या थरात सारखा मिसळला आहे असं धरू. या वायूचा रेणूभार ४६. हिशोब केला तर घनमीटरमागे साधारण ४.६ मायक्रोग्रॅम येतात. भारतात या वायूची २४ तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे नकाशावर जागा भडक लाल असूनही हिशोब 'मर्यादेत' निघतो! यात खोटं कुणीच बोलत नाही. उपग्रहाचा आकडा कित्येक चौरस किलोमीटरचा, भर दुपारचा आणि पूर्ण स्तंभाचा असतो. मर्यादा ठरली आहे ती श्वासाच्या उंचीवरच्या, दिवसभराच्या सरासरीसाठी. म्हणून उपग्रहाचा आकडा घेऊन 'मर्यादा ओलांडली' किंवा 'मर्यादेत आहे' यातलं काहीही म्हणू नये. एका जागेची दुसऱ्या जागेशी, किंवा त्याच जागेची दुसऱ्या काळाशी तुलना करण्यासाठी मात्र हा आकडा फार उपयोगी आहे.

दोन मर्यादा आणखी. ट्रोपोमीच्या एका चौकोनाचा, म्हणजे त्याच्या चित्रातल्या सर्वांत लहान तुकड्याचा, आकार ५.५ बाय ३.५ किलोमीटर असतो (ऑगस्ट २०१९ च्या आधी ७ बाय ३.५ होता), त्यामुळे गल्ली, चौक किंवा एखादी चिमणी शोधू नका. आणि तो आपल्यावरून रोज स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास जातो. सकाळ-संध्याकाळची वाहतूक, रात्री जमिनीशी साचणारा धूर, दिवाळीचे फटाके, यातलं काहीच तो त्या क्षणी बघत नाही.

तिसरी पायरी: पहिला नकाशा

'कोपर्निकस ब्राउझर' शोधा आणि मोफत खातं उघडा. खात्याशिवायही नकाशे दिसतात, पण आलेख आणि डाउनलोडसाठी ते लागतं. मेनूची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून बटणांच्या जागा पाठ करण्यापेक्षा क्रम लक्षात ठेवा.

नकाशा चंद्रपूरवर आणा. डावीकडे चित्र पाहण्याच्या विभागात डेटाच्या यादीतून सेंटिनेल-५पी निवडा आणि त्यातला नायट्रोजन डायऑक्साइडचा थर घ्या. तारीख डिसेंबर किंवा जानेवारीतली, निरभ्र दिवसाची ठेवा. पावसाळ्यातली घेतलीत तर नकाशावर भोकंच भोकं दिसतील, कारण ढगाखालचं उपग्रहाला दिसत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत महाराष्ट्रासाठी ही माहिती जवळपास निरुपयोगी असते. हे आधी माहीत नसेल तर जुलैतली 'स्वच्छ हवा' पाहून भलताच निष्कर्ष निघतो.

रंगपट्टीकडे लगेच लक्ष द्या. वरचं टोक किती आकड्याला आहे ते टिपून ठेवा. टोक निम्म्यावर आणलं की तोच नकाशा दुप्पट भीतीदायक दिसतो. व्हॉट्सॲपवरच्या नकाशांची अर्धी जादू इथेच असते.

मग चौकट आखा. मी सुचवतो ती अशी: उत्तर अक्षांश १९.६ ते २०.४, पूर्व रेखांश ७८.९ ते ७९.८. यात चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर सगळं येतं. तुलनेसाठी दुसरी चौकट गडचिरोलीच्या जंगलावर, अक्षांश १९.४ ते २०.२, रेखांश ८०.१ ते ८०.९. ही दुसरी चौकट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. तिच्याशिवाय 'जास्त' हा शब्द वापरताच येत नाही. महिना मात्र नोव्हेंबर ते जानेवारीतलाच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचण्यासाठी आणि तेंदूसाठी लावलेल्या आगी जंगलात पसरतात, आणि मग तुमची 'स्वच्छ' चौकटही धुरकट होते.

चौकट आखल्यावर आलेखाचं चिन्ह दिसतं. त्यातून त्या क्षेत्राच्या रोजच्या सरासरीची रेघ मिळते आणि ती तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते.

चौथी पायरी: एका दिवसावर विसंबू नका

आलेख पाहिला की रेघ नुसती नाचताना दिसेल. आज ढग, उद्या वारा, परवा उपग्रहाच्या पट्ट्याच्या कडेला आल्याने चौकोन मोठे. एका दिवसाच्या नकाशावरून काहीही सिद्ध करता येतं. निदान एका महिन्याची, जमल्यास पूर्ण हिवाळ्याची सरासरी घ्या. सरासरीचा आणखी एक फायदा आहे. चौकोनांची जागा रोज थोडी सरकते, त्यामुळे पुष्कळ दिवस एकावर एक रचले की एका दिवसाच्या नकाशापेक्षा बारीक तपशील उमटू लागतो. रोजच्या चित्रात चंद्रपूर म्हणजे फक्त एक डाग असतो. हिवाळाभराच्या सरासरीत औष्णिक केंद्राचा भाग आणि बाकीचा पट्टा वेगळे पडायला लागतात.

सरासरी काढताना तीन गोष्टी सांभाळा.

प्रत्येक मोजमापाला शून्य ते एक असा दर्जांक जोडलेला असतो. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ०.७५ पेक्षा जास्त असलेलीच मोजमापं घ्यायची असा संकेत आहे, मिथेनसाठी ०.५ पेक्षा जास्त. ब्राउझर हे गाळण आपोआप लावतो. फायली स्वतः उतरवल्यात तर मात्र ते तुम्हाला करावं लागतं.

तक्त्यात उणे आकडेही सापडतील. हवेत उणे वायू कसा असेल, म्हणून लोक ते खोडतात. खोडू नका. स्वच्छ जागी खरा आकडा शून्याजवळ असतो आणि मोजमापातला गोंगाट कधी वर जातो, कधी खाली. खालचे तेवढे काढून टाकले की सरासरी फुगते आणि जंगलसुद्धा प्रदूषित दिसू लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत फसवी. गणिताची पद्धत वेळोवेळी सुधारली जाते. उपग्रह गेल्यावर तीन तासांत मिळणारी तातडीची माहिती, काही दिवसांनी येणारी ऑफलाइन माहिती आणि जुन्या वर्षांची नव्या पद्धतीने पुन्हा काढलेली माहिती, असे तीन प्रवाह असतात. २०१९ ची जुन्या पद्धतीची माहिती आणि २०२३ ची नव्या पद्धतीची शेजारी ठेवली तर हवेत काहीही न बदलता आलेखात उडी दिसते. अनेक वर्षांची तुलना करायची असेल तर पुन्हा काढलेल्या आणि ऑफलाइन फायलीच घ्या. आवृत्तीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

ज्यांना थोडं कोडिंग चालतं त्यांनी गूगल अर्थ इंजिनकडे वळावं. बिगरव्यावसायिक वापराला ते मोफत आहे. तिथे सेंटिनेल-५पीचा संग्रह उघडायचा, तारखा लावायच्या, चौकट लावायची, सरासरी घ्यायची, नकाशावर टाकायची. पाच ओळींचं काम आहे आणि तयार उदाहरणं तिथेच असतात. कोडिंग नकोच असेल तर नेदरलँड्सच्या हवामान संस्थेचं टेमिस हे संकेतस्थळ महिन्याच्या सरासरीचे तयार नकाशे देतं.

हात बसण्यासाठी एक सराव. २५ मार्च ते २० एप्रिल हा काळ २०१९ चा आणि २०२० चा घ्या, एकदा मुंबईवर आणि एकदा चंद्रपूरवर. टाळेबंदीत मुंबई आणि दिल्लीवरचं नायट्रोजन डायऑक्साइड आदल्या वर्षाच्या तुलनेत ४० ते ५० टक्के घटलं होतं, असं युरोपीय अवकाश संस्थेने तेव्हाच दाखवलं. तुमचा मुंबईचा आकडा याच्या जवळपास आला तर तुमची पद्धत ठीक आहे. चंद्रपूरची चौकट मग स्वतः बघा. गाड्या थांबल्या होत्या, वीज केंद्रं पूर्ण थांबली नव्हती, हे लक्षात ठेवून.

पाचवी पायरी: वारा आणि जमीन

नकाशावरचा सर्वांत गडद ठिपका चिमणीवर बरोबर बसला नाही तर घाबरू नका. चिमणीतून बाहेर पडतं ते मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होईपर्यंत वारा त्याला पुढे नेतो. म्हणून त्या दिवशी दुपारी वारा कुठून कुठे होता ते पाहायलाच हवं. विंडीसारख्या ॲपवर ते सहज दिसतं. डाग वाऱ्याच्या दिशेने लांबलेला असेल तर उगमाबद्दल बोलता येतं. आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला पसरलेला असेल तर आपला अंदाज चुकतो आहे, किंवा दुसराच उगम आहे.

फाइलमधल्या वेळा जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. हे विसरून सकाळी आठचा वारा जोडणारे पुष्कळ जण असतात.

जमिनीवरची मोजमापं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर आणि संकेतस्थळावर मिळतात. चंद्रपूर शहरात आणि खुटाळ्याच्या एमआयडीसीत स्वयंचलित केंद्रं आहेत. दिवसाची सरासरी घेऊ नका, दुपारी एक ते तीनमधले तासांचे आकडे घ्या आणि उपग्रहाच्या आकड्यांशेजारी ठेवा. दोन्ही रेघा एकत्र चढतात-उतरतात का, एवढंच पाहायचं. आकडे जुळणार नाहीत, जुळायला नकोतच. जमिनीलगत प्रदूषण दाट असेल तिथे ट्रोपोमी खऱ्यापेक्षा कमीच सांगतो, हे जगभरच्या पडताळण्यांत दिसलं आहे. कारण जमिनीजवळचा थर त्याला अंधुक दिसतो आणि वायू उंचीनुसार कसा वाटला गेला आहे याचा अंदाज तो एका ढोबळ संगणकीय प्रतिरूपातून घेतो.

मिथेन बघायचा असेल तर

मिथेन २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो, आणि हवेत टिकतो मात्र दहा-बारा वर्षं. त्यामुळे त्याची गळती शोधून बंद केली तर परिणाम लवकर दिसतो. हे काम दोन प्रकारच्या उपग्रहांत वाटलेलं आहे. ट्रोपोमी सगळं जग रोज पाहून 'या भागात काहीतरी आहे' असं सांगतो. मग लहान क्षेत्र बारकाईने पाहणारे उपग्रह, जसे कॅनडातल्या जीएचजीसॅट कंपनीचे, नेमकी जागा दाखवतात.

याचं आपल्या घरातलं उदाहरण आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी याच जोडीने ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई इथल्या कचराभूमी तपासल्या. मुंबईतल्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन निघत असल्याचं त्यांना आढळलं. आपण ओला-सुका कचरा वेगळा करायला कंटाळतो, त्याचा हा हिशोब.

नवशिक्याने ट्रोपोमीच्या मिथेनच्या नकाशापासून सुरुवात करू नये, असं माझं मत. ढगांचं गाळण अधिक कडक असतं, पाण्यावर बहुतेक वेळा माहिती मिळत नाही आणि जमिनीच्या रंगामुळेही खोटे डाग उमटतात. कोकणातली आणि पूर्व विदर्भातली भातशेती मिथेन सोडते ती नेमकी पावसाळ्यात, तेव्हा वर ढगांचं छत. त्यापेक्षा इतरांनी आधीच शोधलेले गळतीचे झोत पाहा. कार्बन मॅपरच्या पोर्टलवर आणि संयुक्त राष्ट्रांच्या मिथेन वेधशाळेच्या नकाशावर एकेक झोत तारीख, जागा आणि तासाला अंदाजे किती वायू निघतो त्या आकड्यासह दाखवलेला असतो. अवकाश स्थानकावरच्या नासाच्या एमिट या उपकरणानेही असे झोत टिपले आहेत. गंमत म्हणजे ते पाठवलं होतं वाळवंटातल्या धुळीची खनिजं ओळखायला. एखाद्या कचराभूमीवर झोत दाखवलेला नसला, तरी तिथे गळती नाही असं समजू नका. कदाचित त्या दिवशी कुणी पाहिलंच नसेल.

धूळ, धूर आणि 'एक्यूआय'

बहुतेकांना खरं तर हेच, म्हणजे धूळ-धुराचा आकडा आणि हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय), हवं असतं, आणि उपग्रह हे थेट देत नाहीत. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) अवकाशातून मोजता येत नाही. हवेतल्या कणांनी प्रकाश किती अडवला तेवढं मोजता येतं. त्यावरून जमिनीजवळच्या कणांचा अंदाज बांधायला आर्द्रता, वारा आणि संगणकीय प्रतिरूप लागतं. नासाच्या वर्ल्डव्ह्यूवर कणांचा थर आणि आगींचे ठिपके एकत्र पाहता येतात. शेतात काडीकचरा जाळल्याच्या आगी शोधायला ते सोयीचं आहे.

पण वेळेचा घोळ इथेही आहेच. पंजाब-हरियाणात पेंढा जाळण्याच्या घटना उपग्रहांच्या नोंदीत कमी होत असताना, कोरियाच्या भूस्थिर, म्हणजे कायम एकाच प्रदेशावर राहणाऱ्या, उपग्रहाने दिवसभर घेतलेल्या चित्रांवरून लक्षात आलं की अनेक आगी दुपारचा उपग्रह निघून गेल्यावर लागत होत्या. ठिपके घटले म्हणून आगी घटल्याच असं नाही. हवेतले वायू दिवसा दर तासाला मोजणारं जेम्स हे कोरियाचं उपकरणही आहे. त्याच्या क्षेत्राची पश्चिम सीमा साधारण ७५ अंश पूर्व रेखांशावर येते, म्हणजे नागपूर-चंद्रपूर आत, मुंबई बाहेर.

शेवटची पायरी: लिहिताना काय लिहायचं

नकाशा तयार झाला की तो ग्रामसभेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जनसुनावणीत किंवा वर्तमानपत्राकडे न्यावासा वाटतो. न्या, पण वाक्य जपून लिहा. 'औष्णिक केंद्रामुळे लोक आजारी पडले' हे या नकाशावरून म्हणता येत नाही. 'डिसेंबर ते जानेवारी या काळात चंद्रपूरच्या चौकटीवरचा नायट्रोजन डायऑक्साइडचा दुपारचा स्तंभ गडचिरोलीच्या चौकटीच्या इतक्या पट होता' हे म्हणता येतं, आणि समोरच्या अधिकाऱ्याला ते खोडायचं असेल तर त्यालाही हीच आकडेमोड करावी लागेल. किती पट ते तुमच्या तक्त्यातून घ्या. चौकटीचे अक्षांश-रेखांश, तारखा, किती दिवसांची माहिती खरोखर मिळाली, दर्जांक, आवृत्ती आणि रंगपट्टीची दोन्ही टोकं नकाशाच्या खालीच छापा. ही ओळ वेगळ्या पानावर ठेवली तर नकाशा पुढे जातो आणि ओळ मागे राहते.